थंड इंजिनची थरथर: दोष कसा शोधावा

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, पण पुढची दोन-तीन मिनिटे स्टिअरिंग, गिअरचा दांडा आणि सीट थरथरत राहतात, आरपीएमचा काटा एका जागी ठरत नाही, मध्येच इंजिन बंद पडेल असे वाटते, आणि थोडे अंतर चालवल्यावर सारे काही जागेवर येते. अशी गाडी घेऊन मालक गॅरेजमध्ये पोचतो तोवर इंजिन तापलेले असते, मेकॅनिकला दाखवायला काहीच उरत नाही, आणि मग ‘प्लग टाकून बघू’, ‘कॉइल बदलून बघू’, ‘थ्रॉटल साफ करू’ असा अंदाजपंचे खर्च सुरू होतो. या दोषाचा जवळजवळ सगळा पुरावा त्या पहिल्या काही मिनिटांतच असतो, म्हणून तो घरच्या पार्किंगमध्ये, गाडी हलवण्याआधी गोळा करावा लागतो. ज्यांनी आजवर बोनेट केवळ वायपरचे पाणी भरण्यासाठी उघडले आहे, त्यांनाही हे काम जमण्यासारखे आहे.

येथे डोळ्यांसमोर धरलेली गाडी म्हणजे आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारी तीन किंवा चार सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी, आणि तिचीच सीएनजी बसवलेली बहीण. डिझेलच्या गाडीचे कारण बहुधा वेगळे असते. त्याबद्दल पुढे थोडक्यात लिहिले आहे.

थंड इंजिन वेगळे का वागते

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही; त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते. इंजिन थंड असताना इंजेक्टरने सोडलेल्या पेट्रोलचा काही भाग इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या मार्गाच्या, आणि सिलिंडरच्या थंड भिंतींवर चिकटून राहतो, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, कूलंटच्या तापमानाचा सेन्सर पाहून नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो आणि आयडलिंगही वाढवतो. तापलेल्या इंजिनचे आयडलिंग साधारण ७०० ते ८५० आरपीएम असते. थंड असताना ते १,१०० ते १,५०० च्या घरात असते आणि इंजिन तापत जाईल तसे सावकाश उतरते. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर स्वतः तापल्याखेरीज काम करत नाही, त्यामुळे सुरुवातीचा काही काळ ईसीयू त्याचे म्हणणे न ऐकता आपल्याकडे साठवलेल्या तक्त्यांवर इंजिन चालवतो. शिवाय एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा यासाठी अनेक गाड्यांत या काळात ठिणगी मुद्दाम उशिरा पाडली जाते, आणि त्यामुळे इंजिनचा आवाज किंचित भरड येतो.

याचा अर्थ असा की थोडी थरथर निसर्गतःच असते. तीन सिलिंडरच्या इंजिनची हालचाल चार सिलिंडरच्या इंजिनइतकी संतुलित नसते. चार सिलिंडरची गाडी विकून तीन सिलिंडरची घेतलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात हे हमखास खटकते आणि तो निष्कारण गॅरेजच्या चकरा मारतो. आरपीएम एकसारखे हळूहळू उतरत असेल, एक्झॉस्टचा आवाज लयीत येत असेल आणि डॅशबोर्डवर पिवळा इंजिनचा दिवा नसेल, तर शोधण्यासारखे फारसे काही नाही. काटा खाली-वर होणे, एक्झॉस्टमधून मध्येच एक ठोका चुकल्यासारखा ‘भप्’ आवाज येणे, किंवा हलक्या ॲक्सिलरेटरला गाडीने गचके देणे, म्हणजेच ज्याला गॅरेजमध्ये ‘मिसिंग’ म्हणतात, ते मात्र दोषाचे लक्षण आहे.

निफाड, नाशिक, पुणे या भागांत डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा कमकुवत झालेला भाग प्रथम उघडा पडतो: जाड झालेले तेल, अर्धमेली बॅटरी, आखडलेले रबर. मुंबईत किंवा कोकणात मात्र हवा एवढी थंड होतच नाही. तिथे ही तक्रार आली तर थंडीला दोष न देता दमट हवेत गळणारी ठिणगी किंवा रात्रीतून गळणारे पेट्रोल यांचा आधी विचार करावा.

सामान आणि सावधगिरी

मोबाइल, चांगला टॉर्च, प्लग पाना आणि गोटी पान्यांचा छोटा संच, फीलर गेज, साधा मल्टिमीटर आणि ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर एवढे पुरते. स्कॅनर स्टिअरिंगच्या खालच्या बाजूच्या सॉकेटमध्ये बसतो आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये इंजिनचे जिवंत आकडे दाखवतो. या कामात सर्वांत जास्त पैसे वसूल करून देणारी वस्तू तीच आहे.

बंद गॅरेजमध्ये किंवा शटर ओढलेल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नये. थंड इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो आणि त्याला वास नसतो. हँडब्रेक ओढलेला, गाडी न्यूट्रलमध्ये, ओढणी, मफलर आणि सैल बाही इंजिनच्या फिरत्या पट्ट्यापासून दूर, ही शिस्त दरवेळी पाळावी. रेडिएटरचा पंखा कधीही आपोआप सुरू होतो, आणि गरम इंजिनच्या कूलंटचे झाकण उघडणे म्हणजे उकळत्या पाण्याचा फवारा अंगावर घेणे होय.

पहिली सकाळ: काहीही न उघडता

गाडी किमान सात-आठ तास उभी असावी. सेल्फ मारण्यापूर्वी डिपस्टिक काढून तेलाची पातळी पाहावी आणि कूलंटच्या टाकीवर पातळीशी मार्करने रेघ मारून ठेवावी. ही रेघ काही दिवसांनी फार उपयोगी पडते. मग फक्त इग्निशन ऑन करून, इंजिन सुरू न करता, स्कॅनरवर दोन आकडे वाचावेत: कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन्ही आकडे बाहेरच्या हवेशी आणि एकमेकांशी जवळपास जुळले पाहिजेत. बाहेर १२ अंश असताना हवेचा सेन्सर १३ सांगतो आणि कूलंटचा सेन्सर ४५ सांगतो, अशी स्थिती दिसली, तर ईसीयूला इंजिन कोमट आहे असे वाटत असून तो पेट्रोल कमी सोडतो आहे. दोष तिथेच सापडला, आणि इंजिनच्या एकाही नटाला हात लागलेला नाही.

याच वेळी बॅटरीचा व्होल्टेजही पाहावा. पूर्ण चार्ज, विश्रांती घेतलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर कॉइल (प्लगला ठिणगीसाठी मोठा व्होल्टेज पुरवणारा भाग) आणि इंजेक्टर दोन्ही उपाशी राहतात, आणि अशा बॅटरीवर पुढच्या कोणत्याही चाचणीचा निष्कर्ष खात्रीचा धरता येत नाही. आधी बॅटरीचा निकाल लावावा.

आता मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून, काटा दिसेल असा धरून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन सुरू करावे. सेल्फ किती वेळ मारावा लागला, आरपीएम प्रथम कुठे गेले, केव्हा हलू लागले, आणि कूलंट किती अंशांना पोचल्यावर थरथर थांबली, हे व्हिडिओत आपोआप नोंदले जाते. दुसरा माणूस सोबत असेल तर त्याने सायलेन्सरच्या मागे, तोंडापासून वीतभर अंतरावर तळहात धरून झोत जाणवून घ्यावा. निरोगी इंजिनचा झोत छोट्या, सारख्या धडक्यांचा लागतो; एक सिलिंडर मिसिंग करत असेल तर ठरावीक अंतराने एक धडकाच नसतो, आणि हाताला ती पोकळी स्पष्ट कळते. सकाळी सायलेन्सरमधून थेंब पडणे आणि पांढरी विरळ वाफ निघणे साहजिक आहे. ती वाफ दहा-पंधरा मिनिटांनंतरही दाट राहिली तर गोष्ट वेगळी.

पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर इंजिन तेवढ्यावरच बंद करावे. सतत पेटलेला दिवा ‘तपासून घ्या’ म्हणतो; लुकलुकणारा दिवा सांगतो की न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जात आहे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो, ज्याची किंमत या लेखात येणाऱ्या बहुतेक भागांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

शेवटी ईसीयूने साठवलेले दोषांचे कोड स्कॅनरवर वाचून लिहून घ्यावेत. पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडरांत विखुरलेले मिसिंग. पी०३०१ ते पी०३०४ यांतला शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक असतो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पी०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त. पी०११६ ते पी०११८ कूलंटच्या सेन्सरकडे बोट दाखवतात, आणि पी०१२८ म्हणजे इंजिन वेळेत तापत नाही, बहुधा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकला आहे. कोडबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंद असते, तिच्यात दोष घडला त्या क्षणीचे कूलंटचे तापमान आणि आरपीएम मिळतात. ती उतरवून घेण्यापूर्वी कोड पुसू नयेत. गॅरेजवाल्यालाही पुसू देऊ नयेत.

थरथर इंजिनची की फाउंडेशनची

हा प्रश्न आधी न सोडवल्यामुळे किती प्लग आणि कॉइल फुकट बदलले जातात, याची गणती नाही. इंजिन चेसिसवर रबराच्या माउंटिंगांवर बसवलेले असते. मेकॅनिक त्यांना फाउंडेशन म्हणतात. रबर जुने झाले की कडक होते, थंडीत आणखी कडक होते, आणि मग इंजिन व्यवस्थित चालत असूनही त्याची प्रत्येक हालचाल थेट केबिनमध्ये पोचते.

ओळखायचे असे: काटा स्थिर आहे, सायलेन्सरचा झोत सारखा आहे, कोड नाही, तरी सीट थरथरते, तर संशय फाउंडेशनवर. काटा हलतो आणि झोतही तुटक आहे, तर दोष जळण्यात. बोनेट उघडून, इंजिन चालू असताना, दुसऱ्याला एसी सुरू-बंद करायला सांगावे. भार बदलताच इंजिन थोडे झुकते, पण फाटलेल्या माउंटिंगवर ते उडी मारल्यासारखे हलते आणि कधी ‘ठक्’ असा आवाज येतो. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक घट्ट दाबून, समोर कोणी उभे नसताना, डी आणि आर यांत गिअर टाकून पाहिले तरी तेच दिसते. टॉर्च मारून माउंटिंगच्या रबरावर भेगा किंवा तेलासारखा ओघळ दिसतो का पाहावे. काही माउंटिंगांत द्रव भरलेला असतो आणि तो गळून गेला की रबर निव्वळ ठोकळा उरते.

प्लग आणि कॉइल

जळण्याचा दोष ठरला की पहिली तपासणी ठिणगीची. प्लग नेहमी थंड इंजिनमधूनच काढावेत, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये गरम असताना प्लग फिरवला तर आटे खराब होण्याचा धोका असतो. कॉइल काढण्याआधी प्लगच्या विहिरीभोवतीची धूळ फुंकून काढावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून त्यांच्यावर क्रमांक लिहावेत. क्रम हरवला की अर्धी माहिती हरवली.

निरोगी प्लगचे टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असते. कोरडी मखमली काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडलीच नाही, किंवा इंजेक्टर रात्रभर गळला. चिकट, काळे तेल म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील खराब. तीन प्लग तपकिरी आणि एकच जण स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा असेल, तर कूलंट आत येत असल्याचा संशय घ्यावा. टोकांमधले अंतर फीलर गेजने मोजावे. ते सहसा ०.८ ते १.१ मिलिमीटर असते, पण नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. झिजून अंतर वाढलेल्या प्लगला जास्त व्होल्टेज लागतो, आणि थंड, दाट मिश्रणात तो प्रथम दगा देतो. सीएनजीला ठिणगी पेट्रोलपेक्षा जोरकस लागते, म्हणून सीएनजीच्या गाडीत प्लगची मुदत ओढून-ताणून वाढवू नये.

कॉइलची चाचणी बिनखर्चाची आहे. समजा कोड पी०३०२ आहे, तर दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावावी, कोड पुसावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थंड इंजिन सुरू करावे. कोड पी०३०३ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल खराब. तो दोनवरच राहिला, तर त्यापुढच्या सकाळी प्लगची अदलाबदल. तरीही दोनवरच राहिला, तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. एका सकाळी एकच बदल करायचा. घाईने दोन्ही एकदम केले की उत्तर कळत नाही. कॉइलची रबरी टोपी काढून आतून पाहावी: केसासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी त्या वाटेने हेडला जाऊन भिडते आहे. पावसाळ्यात फक्त सकाळी मिसिंग आणि उन्हाळ्यात गाडी ठणठणीत, हे या रेघेचेच लक्षण. इंजिन चालू असताना कॉइलला हात लावू नये. तिथे हजारो व्होल्ट असतात.

उंदीर, पाइप आणि थ्रॉटल

परदेशी पुस्तकांत फारसे न सापडणारे एक कारण आपल्याकडे सर्रास आढळते. रात्री कोमट इंजिनवर उंदीर किंवा घूस येऊन बसते आणि वायरी, व्हॅक्यूमचे पाइप कुरतडते. तक्रार अचानक, एका रात्रीत सुरू झाली असेल, तर बाकी सारे सोडून आधी टॉर्च घेऊन इनटेक मॅनिफोल्डच्या मागे आणि बॅटरीच्या खाली पाहावे. शेंगांची टरफले, वाळकी पाने, लेंड्या दिसतात. वायरीचे आवरण दोन्ही बाजूंनी दातांच्या सारख्या खुणांनी सोललेले असते आणि आतले तांबे चमकते. इंजेक्टरची एक वायर अर्धवट तुटली तरी ती थंडीत सुटते आणि इंजिन तापल्यावर चिकटते, असा लपंडाव चालतो.

व्हॅक्यूमची गळती हेही थंडीचे खास दुखणे आहे. इनटेकचे गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, इंजिनमधली वाफ पुन्हा इनटेकमध्ये नेणारा पीसीव्हीचा पाइप, यांचे रबर थंडीत आखडते आणि फटीतून न मोजलेली हवा आत शिरते. तापल्यावर रबर फुगून फट मिटते. कान देऊन ‘स्स्’ आवाज ऐकावा आणि पाइप बोटांनी दाबून आयडलिंग बदलते का पाहावे. फटीवर ब्रेक क्लीनर फवारून आरपीएम वाढते का पाहण्याची गॅरेजमधली जुनी रीत आहे. गरम मॅनिफोल्डजवळ ज्वालाग्राही फवारा मारण्यात आगीचा धोका असल्याने नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. स्कॅनरवरची फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा, हेच अधिक सुरक्षितपणे सांगते: ऑक्सिजन सेन्सर कामाला लागताच आयडलिंगला ट्रिम अधिक १५ किंवा २० टक्के दिसते आणि २,५०० आरपीएमला ती शून्याजवळ येते, तर हवेची गळती, उलट आरपीएम वाढवल्यावरही ती चढीच राहते, तर पेट्रोलचा पुरवठा कमी. मात्र अनेक छोट्या गाड्यांत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर नसून मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, आणि अशा गाड्यांत गळतीमुळे ट्रिम फारशी न बिघडता आयडलिंगच चढते. ट्रिम ठीक आहे म्हणून गळती नाहीच, असे त्या गाडीत म्हणता येत नाही.

इंजिनमध्ये हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीच्या झडपेच्या कडेला काजळी साचली की आयडलिंगची बारीक हवा अडते. एअर फिल्टरचा पाइप काढून टॉर्चने पाहिले की ती दिसते. थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन पुसावे. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप इग्निशन ऑन असताना बोटाने ढकलू नये. साफ केल्यावर आयडलिंग काही काळ चढे राहू शकते, कारण ईसीयूने जुन्या काजळीचा हिशेब धरलेला असतो. पुष्कळ गाड्यांत तो पुन्हा शिकवावा लागतो आणि त्याची रीत गाडीगणिक वेगळी असते.

सीएनजीच्या गाडीतला मोठा घोटाळा

सीएनजीच्या गाडीत सर्वांत जास्त फसगत होते ती येथे. कंपनीने बसवलेल्या किटच्या बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन ठरावीक तापमानाला पोचले की सीएनजीवर जातात. टाटाच्या आयसीएनजी गाड्यांसारख्या काही थेट सीएनजीवर सुरू होतात. पहिल्या प्रकारच्या गाडीत थंड इंजिनची ती दोन मिनिटे म्हणजेच दिवसभरातली पेट्रोलची दोन मिनिटे. मालकाला वाटते, ‘थंड असताना मिसिंग करते, तापल्यावर बरी होते’; प्रत्यक्षात ती ‘पेट्रोलवर मिसिंग करते, सीएनजीवर बरी होते’. दोष थंडीचा नसून पेट्रोलच्या बाजूचा आहे, आणि थर्मोस्टॅट, सेन्सर, फाउंडेशन तपासत बसण्यात अर्थ नाही.

याची शहानिशा अगदी सोपी आहे. गाडी पूर्ण तापवून, उभी करून, डॅशबोर्डवरचे बटण दाबून पेट्रोलवर घ्यावी आणि पाच मिनिटे आयडलिंगला ठेवावी. तापलेले इंजिनही पेट्रोलवर थरथरू लागले, तर प्रश्न सुटला: इंजेक्टर, पंप, फिल्टर किंवा खुद्द पेट्रोल. तापलेली गाडी पेट्रोलवरही शांत चालली, तरच बाकीचा तपास सुरू ठेवावा.

असे का होते, हे समजण्यासारखे आहे. सीएनजी स्वस्त म्हणून पेट्रोलची टाकी महिनोन्महिने पाव भरलेली राहते. त्यातली हलकी, लवकर वाफ होणारी द्रव्ये उडून जातात, आणि थंड इंजिनला नेमकी तीच हवी असतात. पेट्रोलचे इंजेक्टर दिवसभर बंद राहून त्यांच्या तोंडाशी डिंकासारखा थर बसतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा शोषून घेते आणि वाफ होण्यासाठी पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता मागते. उपाय साधा आहे: टाकीत ताजे पेट्रोल भरून आठवड्यातून काही किलोमीटर गाडी मुद्दाम पेट्रोलवर चालवावी. एवढ्याने भागले नाही तर इंजेक्टर काढून साफ करून घ्यावे लागतात. टाकीत ओतायच्या बाटल्यांवर माझा फारसा विश्वास नाही. हलका थर त्यांनी जात असेल, घट्ट बसलेला जात नाही.

निव्वळ पेट्रोलच्या गाडीत रात्रीतून पेट्रोलच्या लाइनचा दाब उतरतो का, हे पाहायची एक युक्ती आहे. सकाळी इग्निशन ऑन करावे, दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकावी, बंद करावे, पुन्हा ऑन करावे, आणि असे तीनदा केल्यावर सेल्फ मारावा. एरवी लांब सेल्फ घेणारी गाडी यामुळे झटकन सुरू झाली, तर दाब रात्री गळतो आहे. तो पंपाच्या चेक व्हॉल्व्हमधून टाकीत गळत असेल तर त्रास फक्त सुरू होण्याचा. इंजेक्टरमधून सिलिंडरमध्ये गळत असेल तर सुरू होताच काळा धूर, पेट्रोलचा वास आणि एका सिलिंडरचे मिसिंग, असे त्रिकूट दिसते.

यांत्रिक कारणे

ठिणगी, हवा, पेट्रोल आणि सेन्सर ठीक निघाले तर कॉम्प्रेशनची तपासणी करून घ्यावी, आणि ती मुद्दाम थंड इंजिनवर. पुस्तकात दिलेला आकडा तापलेल्या इंजिनचा असतो, त्यामुळे थंडीत तो कमी येईल. पाहायचा तो सिलिंडरांमधला फरक. एक सिलिंडर इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त मागे असेल, तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात: आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. सीएनजीवर पुष्कळ चाललेल्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या सीट झिजून टॅपेटमधली (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली) फट कमी होते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि थंड असताना कॉम्प्रेशन गळते. ही फट आपोआप राखणारे हायड्रॉलिक टॅपेट नसलेल्या गाडीत ती फट वेळोवेळी मोजून घेणे, हा हेड उतरवण्यापेक्षा फार स्वस्त मार्ग आहे.

कूलंटच्या टाकीवर मारलेली रेघ आता पाहावी. बाहेर कुठे ओल नसताना पातळी खाली गेली आहे, सुरू होताच काही सेकंद एक सिलिंडर मिसिंग करतो, आणि गोडसर वासाचा पांढरा धूर रेंगाळतो, ही तिन्ही एकत्र आली तर हेड गॅस्केटमधून रात्रभर कूलंट झिरपते आहे. अशी गाडी ‘तापल्यावर बरी होते’ म्हणून चालवत राहू नये.

तेल चुकीच्या ग्रेडचे असले तरी थंडीत फरक पडतो. ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात ‘जाड तेल चांगले’ म्हणून २०डब्ल्यू-५० भरले, तर तेलाच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा पहिली काही मिनिटे आळसावते.

डिझेल गाडीत सकाळची थरथर आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर दिसला, की थंड सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग तपासावेत. चारपैकी एक गेला तरी तो सिलिंडर पहिले मिनिटभर जळत नाही. वायर काढून मल्टिमीटरने रोध मोजला, तर चांगल्या प्लगचा आकडा एक-दोन ओमच्या आत येतो आणि तुटलेल्याचा अनंत. ग्लो प्लग ठीक असतील तर एक्झॉस्टचा धूर पुन्हा इनटेकमध्ये सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे का ते पाहावे, आणि त्यापुढे इंजेक्टर. पण तिथून पुढचे काम डिझेल लॅबचे आहे.

गॅरेजमध्ये देताना

गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवावी आणि सकाळी मेकॅनिकच्या हातूनच पहिला सेल्फ मारला जाईल असे ठरवून घ्यावे. दुपारी टोकन घेऊन रांगेत उभ्या केलेल्या गाडीत हा दोष दिसत नाही, आणि ‘काही प्रॉब्लेम नाही साहेब’ हे उत्तर ऐकून परत यावे लागते. ‘गाडी थरथरते’ एवढेच न सांगता व्हिडिओ दाखवावा, कोड आणि फ्रीझ फ्रेमचे आकडे लिहून द्यावेत, कोणत्या कॉइलची अदलाबदल करून काय दिसले ते सांगावे, आणि जॉब कार्डवर ‘फक्त थंड इंजिनवर’ हे शब्द लिहून घ्यावेत. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागावा.

दुरुस्तीनंतरची ट्रायल त्याच दिवशी दुपारी घेऊन उपयोग नाही. रात्रभर उभ्या गाडीवर, शक्यतो लागोपाठ दोन सकाळी, पुन्हा तोच व्हिडिओ आणि तेच आकडे घ्यावेत. दिवा पेटलेला नसला तरी स्कॅनरमध्ये ‘पेंडिंग’ कोडची वेगळी यादी असते तीही उघडून पाहावी, कारण पुष्कळ दोषांत ईसीयू पहिल्या वेळी कोड फक्त तिथे टिपून ठेवतो आणि दोष पुन्हा घडला तरच दिवा लावतो.